थंडीवाऱ्यांतील सायकलस्वाराचा पोषाख

पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांत, मोरगांव व बारामती यांच्या मधल्या माळरानांत, लोणी भापकर नांवाचें एक जुनें गांव आहे. तेथील मल्लिकार्जुनाचें शिल्पसंपन्न देवालय, कोनाड्यांनीं सजलेली बांधीव पुष्करिणी आणि यज्ञवराहाची मूर्ति पाहण्यासाठीं जाणकार मंडळी वांकडी वाट करून जातात. त्यांतून जे पौष महिन्यांत जातात आणि पहांटे उठण्याची ज्यांना संवय असते, त्यांना त्या गांवाची आणखी एक ओळख होते. ती तेथल्या थंडीची.

सह्याद्रीच्या आडोशाला पडलेला हा कमी पावसाचा मुलूख. हवा कोरडी, आकाश निरभ्र, झाडी विरळ. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळतांच आपली ऊब उघड्या आकाशाला देऊन टाकते, आणि पहांटे पारा दहा अंश सेल्सिअसच्या आसपास, कधीं त्याच्याहि खालीं उतरतो. त्याच दिवशीं दोन प्रहरीं तो तिसांच्या घरांत असतो. पुण्याच्या वेधशाळेनें १७ जानेवारी १९३५ रोजीं १.७ अंशांची नोंद केली होती. तसली थंडी नित्याची नव्हे. परंतु दख्खनच्या पठारावर थंडी म्हणून पडतच नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं ती तारीख लक्षांत ठेवावी. उत्तरेकडील देशांतली थंडी महिनोन् महिने एका जागीं ठाण मांडून बसते. तेथील माणसानें जाड कपडा एकदां चढवला कीं वसंतापर्यंत त्याला दुसरा विचार नको. कऱ्हेच्या खोऱ्यांतला हिंवाळा मात्र रोज पहांटे येतो आणि दहा वाजण्याच्या सुमारास निघून जातो.

अशा पहांटे दुधाच्या किटल्या हँडलला अडकवून रस्त्याला लागणाऱ्या माणसापुढें, किंवा शाळेसाठीं दूरच्या गांवीं सायकल मारीत जाणाऱ्या मुलापुढें, जो प्रश्न उभा राहतो तो दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. सहा वाजतां जें अंगावर हवें, तें दहा वाजतां अंगावर नको. आणि नको झालेलें ठेवावयाचें कोठें? या एका प्रश्नापायीं लोकांनीं कायदे मोडले, शर्यती सोडल्या, कोर्टाची पायरी चढली आणि क्वचित् प्राणहि गमावले.

सायकल या देशांत येण्याच्या कितीतरी आधीं या मुलखांतील धनगरानें त्याचें एक उत्तर शोधून ठेवलें होतें. दिवाळीच्या सुमारास मेंढरें घेऊन हीं कुटुंबें घाट उतरून कोंकणांत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडीं पुन्हां पठारावर परततात. माळावरची कोरडी थंडी, घाटांतला बोचरा वारा, कोंकणांतला दमट उष्मा आणि परतीच्या वाटेवरचा वळवाचा पाऊस, हें सर्व एकाच वस्त्रावर निभावलें पाहिजे, कारण घोड्याच्या पाठीवर जागा थोडी. तें वस्त्र म्हणजे घोंगडी.

दख्खनी मेंढी वर्षांतून दोनदां कातरतात. तिची काळी-करडी, राठ लोकर पिंजून धनगरांच्या बायका सूत काढावयाच्या आणि सणगर खड्ड्याच्या मागावर त्याच्या पट्ट्या विणावयाचे. त्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. तिच्यामुळें वीण घट्ट बसते आणि घोंगडीला तो ओळखीचा ताठरपणा येतो. कोंकराच्या पहिल्या कातरणीची लोकर ती जावळाची. तिची घोंगडी मऊ आणि अर्थातच महाग. घोंगडी पांघरली तर शाल, अंथरली तर गादी, डोक्यावर खोळ करून घेतली तर पावसांतली छत्री, आणि वाटेंत एखादी मेंढी व्याली तर नवजात कोंकराचा पाळणा. ऊन चढलें कीं ती घडी होऊन खांद्यावर जाते. थंडीच्या कपड्याची परीक्षा तो घालण्यांत नसून काढण्यांत आहे हें धनगराला कोणी शिकविलें नव्हतें.

मग सायकलस्वारानें घोंगडीच कां घेऊं नये? कांहींनीं घेऊनहि पाहिली. परंतु घोंगडीला एक हात धरावयास लागतो आणि सायकलला दोन्ही हात हवे असतात. शिवाय वाऱ्यानें ती फुगते आणि तिचा सोगा मागल्या चाकाच्या तारांत जाण्याची वाट पाहत असतो. तेव्हां ती बहुधा चौघडी होऊन मागच्या कॅरिअरवर गेली आणि तेथें बसणाऱ्याची सोय झाली. पुढें बसून पायडल मारणाऱ्याची थंडी मात्र तशीच राहिली.

ज्या देशांत सायकल वाढली तेथेंहि पोषाखाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. इंग्लंडांत १८७८ सालीं सायकलवरून प्रवास करणाऱ्यांचा एक संघ स्थापन झाला आणि त्यानें सभासदांसाठीं गणवेशच ठरवून दिला. आरंभीं हिरवट सर्जचा आणि पुढें करड्या लोकरीच्या कापडाचा आंखूड कोट, गुडघ्याशीं आवळलेली विजार, लोकरीचे लांब मोजे. धुळीच्या रस्त्याला करडा रंग किती सोयीचा, हें सांगावयास नको. त्याच सुमारास गुस्टाव येगर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें असें मत मांडलें कीं, माणसानें प्राण्यांच्या केंसांचेंच वस्त्र अंगाशीं घालावें. सूत आणि ताग हे आरोग्याचे वैरी आहेत. १८८४ सालीं लंडनमध्यें त्याच्या नांवानें लोकरी कपड्यांची कंपनी निघाली आणि बर्नार्ड शॉसारखा माणूसहि येगरचा सूट घालून मिरवूं लागला. सुताविषयीं येगरनें केलेली निंदा अतिरेकाची होती आणि कापसाच्या या देशांत ती कोणी मनावर घेतली नाहीं हें योग्यच झालें. पण घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगाशीं लोकर असावी हा त्यांतला अर्धा भाग खरा निघाला.

त्याच वर्षीं, म्हणजे १८८४ च्या एप्रिलांत, टॉमस स्टीव्हन्स हा गृहस्थ मोठ्या चाकाच्या उंच सायकलवर बसून सान फ्रान्सिस्कोहून निघाला. १८८६ सालीं तो लाहोरहून कलकत्त्याला जाणाऱ्या मोठ्या सडकेनें हिंदुस्थान ओलांडून गेला आणि वर्षअखेर जपानांत पोंचला. पृथ्वीप्रदक्षिणेस निघतांना त्यानें बरोबर काय घेतलें होतें? मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक पावसाळी कोट. हा कोटच रात्रीं त्याचा तंबू होई आणि तोच अंथरूण. धनगराची घोंगडी त्याच्या पाहण्यांत आली होती कीं नाहीं, कोण जाणे. पण दोघांचें गणित एकच होतें.

स्त्रियांना या बाबतींत जो त्रास झाला तो थंडीपेक्षां लोकांच्या नजरेचा. लांब घेरदार झगा सांखळींत अडकतो म्हणून कांहीं इंग्रज स्त्रियांनीं घोळदार विजार वापरण्यास आरंभ केला. सुटसुटीत पोषाखाचा पुरस्कार करणारी संस्था तेथें १८८१ मध्येंच निघाली होती. तिच्या पुढारी लेडी हार्बर्टन यांना १८९८ सालीं विजार घालून आल्या म्हणून एका खाणावळींत मुख्य दालनांत बसूं दिलें नाहीं. प्रकरण कोर्टांत गेलें आणि १८९९ सालीं पंचांनीं खाणावळवालीला निर्दोष ठरविलें. आपल्याकडील नऊवारी लुगड्याच्या कासोट्यानें हा प्रश्न आधींच अर्धा सोडविला होता, ही गोष्ट त्या पंचांना ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

पुरुषांच्या धोतराची कथा निराळी. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरांत धोतराचा सोगा सांखळींत जाणें हा नित्याचा अपघात होता. त्यावर पोटरीशीं लावावयाची पोलादी क्लिप निघाली आणि सांखळीला पुरती झांकणारी पत्र्याची पेटी आली. सायकल परदेशांतून येत होती तोंपर्यंत, आणि १९३९ सालीं मुंबईस वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाल्यानंतरहि, वर्षानुवर्षें गिऱ्हाईक दुकानांत शिरतांच त्या पेटीची चौकशी करी. पोषाखानें यंत्र बदलावयास लावल्याचीं उदाहरणें थोडीं. त्यांतलें हें एक.

मुंबईच्या सहा पारशी तरुणांनीं १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं जगप्रवासासाठीं सायकलवर मांड ठोकली. त्यांच्यापैकीं तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा, सारी पृथ्वी फिरून १८ मार्च १९२८ रोजीं परत आले. जे जन्मभर मुंबईच्या दमट हवेंत वाढले, त्यांना ऑक्टोबरांत निघाल्यामुळें बलुचिस्तान आणि इराणचें उंच पठार हिंवाळ्यांत गांठावें लागलें, आणि पुढें इराकचें धगधगतें वाळवंटहि ओलांडावें लागलें. सायकलच्या पाठीवर मावेल तेवढ्याच सामानांत दोन्ही ऋतूंची तरतूद करावयाची होती. मुंबईच्या रस्त्यावर त्यांना निरोप देणाऱ्यांपैकीं कितीजणांना ही अडचण सुचली असेल?

हे तरुण वाटेंत असतांनाच फ्रान्समध्यें कपड्यांवरून एक मोठें प्रकरण घडलें. तेथील देशभर चालणाऱ्या सायकल शर्यतीचे चालक आंरी देग्रांज हे करड्या शिस्तीचे गृहस्थ. स्वारानें वाटेंत कोणाचेंहि साह्य घेतां कामा नये आणि जेवढें सामान घेऊन तो निघाला तेवढें सर्व घेऊनच त्यानें मुक्कामीं यावें, असा त्यांचा दंडक होता. शर्यतीचे टप्पे त्याकाळीं भयंकर लांब. १९२४ च्या शर्यतींतला तिसरा टप्पा शेरबूर ते ब्रेस्त असा ४०५ किलोमीटरांचा होता आणि सुटण्याची वेळ मध्यरात्रीनंतरची. काळोखांत, समुद्रावरच्या गार वाऱ्यांत निघतांना अंगांत दोन जर्स्या हव्यात. सूर्य वर आला कीं दुसरी नकोशी होते. आदल्या वर्षीं ज्यानें ही शर्यत जिंकली होती तो आंरी पेलिसिए अशी नकोशी जर्सी टाकून देतो, असा पंचांचा संशय होता. म्हणून एका पंचानें सुटण्याच्या जागीं त्याच्याजवळ येऊन त्याची जर्सी उचकटून आंत किती आहेत तें पाहिलें.

एवढ्याशा गोष्टीनें त्या मानी माणसाचें डोकें फिरलें. कूतांस या गांवीं तो, त्याचा भाऊ फ्रांसिस आणि मोरिस व्हील असे तिघे शर्यत सोडून खालीं उतरले. अल्बेर लोंद्र नांवाचा बातमीदार त्यांना एका उपाहारगृहांत गांठता झाला. बोलण्याच्या ओघांत पेलिसिएनें केवळ जर्सीचें गाऱ्हाणें सांगितलें नाहीं. स्वार टिकून राहण्यासाठीं कसलीं औषधें घेतात, डोळ्यांत काय घालतात, पायांचीं नखें कशीं गळतात, हें सारें त्यानें उघड केलें. लोंद्रच्या बातमीनें खळबळ उडाली. शर्यतीच्या झगमगाटामागें माणसाचे काय हाल होतात हें फ्रान्सला त्या दिवशीं कळलें, आणि तें कळण्याचें निमित्त झालें एका लोकरीच्या जर्सीचें. पेलिसिए तापट होता यांत शंका नाहीं. पण पहांटेच्या थंडीसाठीं घातलेला कपडा माध्यान्हीं अंगावर वागवलाच पाहिजे हा नियम ज्यानें केला, त्यानें बहुधा स्वतः पहांटे चार वाजतां सायकल चालविली नसावी.

आतां शास्त्राकडे वळावयाचें तर सायकलस्वार हा थंडीच्या बाबतींत पायीं चालणाऱ्यापेक्षां दुहेरी अडचणींत असतो. हवा स्तब्ध असली तरी तो स्वतःच वारा निर्माण करतो. ताशीं वीस किलोमीटरांनीं जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला आठ अंशांची थंडी सुमारें पांच अंशांसारखी झोंबते, आणि उतारावर वेग दुप्पट झाला कीं ती आणखी दीड-दोन अंशांनीं वाढते. ही झाली बाहेरची बाजू. आंतून पाहिलें तर स्नायूंनीं खर्च केलेल्या शक्तीचा चौथा किंवा पांचवा हिस्साच काय तो चाकाला मिळतो. बाकीच्याची उष्णता होते. म्हणून चढावर सायकलस्वार घामानें निथळतो, आणि तोच ओला अंगरखा घेऊन वाऱ्यांत उतरतो.

लोणी भापकरहून मोरगांव, जेजुरी, सासवड असा पुण्याचा रस्ता धरला तर शेवटीं दिवे घाट उतरावा लागतो. सासवडपर्यंत पाय मारून घामाघूम झालेला माणूस सुती सदऱ्यानिशीं तो घाट उतरूं लागला, कीं हा सिद्धांत त्याच्या पाठीला पुस्तकावांचून समजतो. सूत पाणी पितें आणि अंगाला चिकटतें. मग त्यांतली ऊब धरणारी हवा नाहींशी होते. लोकरीचा तंतु आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटांत घेऊनहि हाताला ओला लागत नाहीं, आणि ती शोषतांना थोडी उष्णताहि बाहेर टाकतो. कुरळेपणामुळें त्याच्या पोटांत हवा टिकून राहते. भिजून जड झालेल्या घोंगडीखालीं धनगर रात्र काढूं शकतो, त्याचें रहस्य हेंच.

परंतु लोकर वारा अडवीत नाहीं. त्यासाठीं युरोपांतील स्वारांनीं योजलेला उपाय इतका स्वस्त आहे कीं तो सांगतांना संकोच वाटावा. घाटमाथ्यावर पोंचलें कीं बघ्यांकडून वर्तमानपत्र मागून घ्यावयाचें आणि जर्सीखालीं छातीवर पसरावयाचें. कागद वारा थांबवितो, घाम थोडा टिपतो, आणि पायथ्याशीं आल्यावर फेकून देतां येतो. पुढें १९६९ सालीं बॉब गोर यानें पाणी व वारा अडवून घामाची वाफ मात्र बाहेर सोडणारा पातळ पापुद्रा शोधून काढला आणि त्याचे महागडे कोट निघाले. त्याआधीं १९५८ सालीं जोसेफ शिव्हर्स यानें रबरासारखा ताणणारा कृत्रिम तंतु सिद्ध केला होता. त्यानें सायकलस्वाराच्या लोकरी विजारीची हकालपट्टी केली. वर्तमानपत्राची हकालपट्टी मात्र अद्याप कोणास पुरती साधलेली नाहीं.

साधनें हातीं असूनहि तीं वेळेवर अंगावर चढलीं नाहींत तर काय होतें, हें इटलींतल्या गाविया घाटानें ५ जून १९८८ रोजीं दाखविलें. अडीच हजार मीटरांहून उंच असा तो घाट. जूनचा महिना, आणि वर हिमवर्षाव चाललेला. योहान व्हान डर व्हेल्डे हा हॉलंडचा स्वार आंखूड बाह्यांच्या जर्सीनिशीं सर्वांच्या पुढें माथ्यावर पोंचला. चढतांना अंगांत ऊब होती. उतारावर ती क्षणांत गेली. हात-पाय आंखडून त्याला वाटेंत थांबावें लागलें आणि मुक्कामीं येईतों तो पाऊण तासाहून अधिक मागें पडला. अमेरिकन अँडी हॅम्पस्टन याच्या पथकानें त्याच सकाळीं गरम कपडे व हातमोजे खरेदी करून ते माथ्याजवळ नेऊन ठेवले होते. त्यानें ते चढविले. त्या दिवशीं अग्रणीची गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर आली आणि शर्यत संपेपर्यंत उतरली नाहीं.

कऱ्हेच्या खोऱ्यांत हिम पडत नाहीं आणि जर्सीहि गुलाबी नसते. पण क्रम तोच लागू पडतो. आश्विनांत ऊन कडक असतें, तेव्हां पातळ सुती सदरा पुरे. कार्तिकांत पहांटेचा गारवा सुरू झाला कीं सदऱ्याखालीं बंडी यावी. मार्गशीर्ष आणि पौष हे खरे कसोटीचे महिने. तेव्हां अंगाशीं पातळ लोकर, तीवर सदरा आणि छातीपुढें वारा अडविणारें कांहीं तरी, मग तें बटणें लागणारें जाकीट असो वा कालचें वर्तमानपत्र. एक जाड कोट घालण्यापेक्षां तीन पातळ कपडे केव्हांहि बरे, कारण ते एकेक करून उतरवितां येतात. घरांतून निघतांना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. उंबऱ्यावर जो उबदार असतो तो दोन कोसांवर भिजलेला असतो. कान, बोटें आणि गुडघे यांची काळजी आधीं घ्यावी. बधिर झालेल्या बोटांनीं ब्रेक आंवळतां येत नाहीं, आणि पहांटेच्या धुक्यांत समोरून उसाची बैलगाडी केव्हां येईल याचा नेम नसतो.

मफलरविषयीं एक सूचना. तो गुंडाळून त्याचीं टोंकें आंत खोंचावीं. इझाडोरा डंकन ही विख्यात नर्तिका १४ सप्टेंबर १९२७ रोजीं फ्रान्समधील नीस येथें मोटारींतून जात असतांना तिच्या गळ्यांतल्या लांब ओढणीचा शेव चाकांत गुंडाळला गेला आणि ती तत्काळ मरण पावली. सायकलचें चाक गळ्यापासून त्याहून फारसें लांब नसतें.

राहतां राहिला लोकरीचा प्रश्न. अंगाशीं घालावयाची मऊ लोकर मेरिनो मेंढीची. ती सातासमुद्रांपलीकडून येते आणि तिची जर्सी पुण्याच्या दुकानांत भारी किंमतीला मिळते. दख्खनी मेंढीची लोकर त्या कामाची नाहीं, ती टोंचते. तिचें काम बाहेरच्या पांघरुणाचें होतें. तें गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांनीं आणि कृत्रिम तंतूच्या स्वेटरांनीं काढून घेतलें. सणगरांचे माग थोडे उरले आहेत. नीरेच्या पलीकडे फलटणला निंबकरांच्या कृषि संशोधन संस्थेनें दख्खनी मेंढीपासून जुळीं कोंकरें देणारी जात तयार केली, कारण धनगराच्या हातीं पैसा येतो तो आतां मांसाच्या बाजारांतून. लोकरीला कित्येकदां कातरणीची मजुरी निघेल इतकाहि भाव येत नाहीं, आणि कातरलेले काळे गुंजाळे माळावरच पडून राहतात. वर्षांतून दोनदां मेंढ्या मात्र कातराव्याच लागतात. न कातरल्या तर त्यांना पुढचा ऋतु सोसत नाहीं.